जजसाहेबांनी वेचलेली मोहफुले

आमच्या चिचटोल्यात महागू गजभिये यांना सर्व लोक जजसाहेब म्हणतात. त्यांनी न्यायाची कोणतीही परीक्षा दिलेली नाही. ते चौथीपर्यंत शिकले आणि नंतर लामत्याकडच्या रेल्वेच्या छोट्या लाईनीवर गँगमन म्हणून लागले. आज पंचाच्या जागेवर विमलाबाई बसतात, तरीही जजसाहेब हे नाव महागूभाऊंकडेच राहिले आहे. हे नाव थट्टेने मिळालेले नाही. गावाने त्यांना आधी नियम करण्यासाठी निवडले व नंतर न्याय करण्यासाठी बसवले. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आल्यामुळे एका चैत्रात अंजनाबाई मेश्राम यांच्या हातून त्यांचे मोहाचे झाड जाण्याची वेळ आली. ती हकीकत मी क्रमाने लिहीत आहे. मी, घनश्याम, महागूभाऊंबरोबर एकाच टोळीत राबलो आहे. त्यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी मानतो.

लाईनीवरील एक प्रसंग आधी सांगणे आवश्यक आहे. एकदा आम्ही रूळ उघडून काम करत होतो आणि पुढे लाल झेंडा लावलेला होता. तेवढ्यात एका साहेबांची ट्रॉली आली. साहेबांना घाई होती. त्यांनी झेंडा काढून ट्रॉली उचलून पलीकडे ठेवण्यास सांगितले. आमचा मुकादम हात जोडून उभा राहिला. महागूभाऊ तेव्हा टोळीत सर्वात नवे होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, झेंडा आमचा नाही, लाईनीचा हाय. लाईन बसली का झेंडा खाली येईन."

आम्हाला वाटले, आता याची नोकरी गेली. साहेबांनी रुळावर बसून डबा उघडला आणि काम होईपर्यंत शांतपणे जेवले. जाताना त्यांनी महागूभाऊंना लोणच्याची एक फोड दिली. ती फोड आम्ही संपूर्ण टोळीने वाटून खाल्ली.

छोटी लाईन बंद झाली तेव्हा महागूभाऊ निवृत्त होऊन गावात परतले. गावाने त्यांना पंच केले, मग सरपंच केले. ते बोलायला उभे राहिले की मागे बसलेली माणसेसुद्धा बिडी विझवत असत. ते जे बोलत ते ठाम बोलत, आणि त्यांचा ठामपणा आम्हाला आवडत असे.

आता मोहाविषयी. गावाच्या पडीत, म्हणजे पडीक जमिनीवर, जुने मोह आहेत. ते कोणाच्याही शेतात नाहीत, तरी प्रत्येक झाड एकेका घराचे मानलेले आहे. रिवाज असा की ज्याने हंगामाआधी झाडाखालची जागा साफ केली, त्याने त्या हंगामात फुले वेचावीत. एका घराच्या मोहाखाली दुसऱ्या घराचा खराटा फिरत नाही. कोणाशी भांडण असो वा मैत्री असो, हा रिवाज कोणी मोडत नाही. परंतु साफ करण्याची एक आळशी रीतही होती. पालापाचोळ्याला काडी लावली की जमीन काळी व स्वच्छ होते आणि पिवळी फुले दुरून दिसतात. एका वर्षी अशीच लावलेली आग वाऱ्याने टोल्यात, म्हणजे वस्तीत आली आणि विमलाबाईंचा गोठा जळाला. आत दोन वासरे होती.

महागूभाऊ तेव्हा सरपंच होते. ते ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आग कोनी लावली, हे कोनी कबूल करत नाही. म्हनून मानूस शोधायचाच नाही. ज्याच्या मोहाखाली राख दिसन, त्याचं झाड त्या हंगामात सभेचं."

सर्वांनी माना हलवल्या. बायकांच्या रांगेतून अंजनाबाई उठल्या. पती वारल्यापासून त्या सभेत फारशा बोलत नसत. त्यांनी विचारले, "राख माझ्या झाडाखाली दिसन जी, पन लावली कोनी, हे कोन सांगन?"

महागूभाऊ हसले. "बाई, आपल्या गावात दुसऱ्याच्या मोहाखाली कोनाचा खराटा फिरते काय? मंग काडी कोन लावन?"

सारी सभा हसली. अंजनाबाई पदर सावरून खाली बसल्या. नियम झाला. समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगात तो लिहिण्यात आला: मोहाखाली राख, झाड सभेचे. पुढे प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्यावर मी स्वतः वाचलेले हे पहिले वाक्य आहे.

सरपंचपद संपल्यावर गावाने महागूभाऊंना न्यायपंच केले. लिलावात घेतलेला रुळाखालचा एक लाकडी स्लीपर त्यांनी चिंचेखाली टाकला होता. त्यावर बसून ते निवाडे करत. त्यांची एक पद्धत होती. भांडणाऱ्या दोघांना ते एकमेकांची बाजू मांडायला लावत. समोरचा जोपर्यंत "हौ, मले हेच म्हनायचं हाय" असे म्हणत नाही, तोपर्यंत पुढे जात नसत. एकदा कोंबडीच्या भांडणात दोन जावांनी एकमेकींची बाजू इतकी चांगली मांडली की शेवटी दोघीही कोंबडी दुसरीची आहे असे म्हणू लागल्या, आणि तिच्यासाठी नव्याने भांडण सुरू झाले.

मोहाच्या नियमाखाली त्यांच्यासमोर पहिला आला तो भैयालाल नागपुरे. त्याने खरोखरच काडी लावली होती. महागूभाऊंनी त्याला भिंतीसमोर उभे केले. त्याने मुकाट्याने एका हंगामाचे झाड सोडले. त्या फुलांच्या उत्पन्नातून समाजमंदिरावर पत्रे आले. त्यानंतर बरीच वर्षे पडीत कोणी काडी लावली नाही. महागूभाऊ म्हणत, "नियम असा पाह्यजे का पंचाले झोप लागावी."

त्या चैत्रात अंजनाबाई तापाने पडल्या. झाडे फुलांवर आली होती आणि त्यांच्या मोहाखाली गुडघाभर पाला तसाच होता. त्यांची मुलगी मंजू बालाघाटात नर्सिंग शिकत होती आणि तिचे शिक्षण याच एका झाडावर चालले होते. शेत म्हणावे असे अंजनाबाईंकडे काही नाही. ताप उतरल्यावर त्या काठी टेकत पडीत गेल्या, तेव्हा झाडाखाली पाला नव्हता. जमीन काळी होती आणि पहिली फुले राखेवर पडली होती.

शेजारचे झाड भैयालालचे. त्यानेही राख पाहिली आणि तो थेट चिंचेखाली आला.

"भाऊ, माझं झाड गेलं तवा तुमी मले भिंत दाखवली होती. आता थेच भिंत हिले दाखवा."

अंजनाबाईही मागोमाग आल्या होत्या. "मी खाटेवरून उतरली नाही जी. राख कोनाची, मले काय मालूम?"

"भिंतीवर ताप नाही लिवला," भैयालाल म्हणाला.

"भिंतीवर त तुमचं नावही नाही लिवलं. तरी माझ्या झाडाकडं पाह्यता पाह्यता तुमची मान वाकडी झाली."

लोक हसले. भैयालालने नकळत मान चोळली, त्यामुळे ते आणखी हसले.

महागूभाऊंनी हात वर केला. "चौकशी होईपर्यंत त्या झाडाखाली कोनाचा हात लागनार नाही."

"अन् फुलं?" अंजनाबाईंनी विचारले. "थे का तुमच्या निवाड्यासाठी फांदीवर बसून राह्यतीन?"

हा प्रश्न खरा होता. मोह पहाटे गळतो आणि हंगाम थोड्या दिवसांचा असतो. ऊन चढल्यावर खाली राहिलेली फुले गुरे खातात. कोणा तिसऱ्याला वेचायला सांगितले असते, तर तो अमक्याचा माणूस म्हणून नवा वाद झाला असता. महागूभाऊ म्हणाले, "मी वेचतो. वादातली चीज पंचाच्या ताब्यात."

दुसऱ्या पहाटे सत्तरी ओलांडलेले आमचे जजसाहेब टोपले घेऊन पडीत गेले. लाईनीवरच्या कामाने त्यांचे गुडघे गेलेले होते. ते बसत, आणि उठताना झाडाला धरून उठत. अंजनाबाई झाडाच्या घेराबाहेर, रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. आत पाऊल टाकणे म्हणजे पंचाचा हुकूम मोडणे, म्हणून त्या आत गेल्या नाहीत. तोंड मात्र बंद ठेवले नाही.

"जजसाहेब, पाय पाहून टाका. फुलं तुडवून राह्यले."

"हौ."

"टोपल्यात पानं कायले भरता? बकऱ्या पाळल्या का?"

"अंजनाबाई, मी ताबा घेतला हाय, नोकरी नाही."

"माझ्या सासूनं पाह्यलं असतं त हे टोपलं तुमच्या डोक्यावर उपडं केलं असतं."

"तुमच्या सासूले गवाहीले बोलावता येत नाही," महागूभाऊ म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

पलीकडून भैयालाल ओरडला, "भाऊ, हात लावू का?"

"तू फिर्यादी होय. तुह्या झाडाखाली राह्य."

फुले समाजमंदिराच्या ओट्यावर वाळत घालण्यात आली. आमचा प्रौढ वर्ग त्याच ओट्यावर भरत असे. त्या दिवसांत आम्ही सर्व म्हातारे मोहाच्या गोड वासात बसून अक्षरे गिरवत होतो. महागूभाऊ येत, फुले पालथी करत आणि जात. 

भैयालालची सून प्रियंका परसवाड्याकडची, हिंदी मिसळून बोलणारी. लग्न होऊन तिला वर्षही झाले नव्हते. ती रोज सासऱ्याबरोबर वेचायला येई आणि या म्हाताऱ्याला गुडघे धरून उठताना पाही. एका सकाळी ती पाण्याचा लोटा घेऊन महागूभाऊंसमोर येऊन उभी राहिली. लोटा तिने पुढे केला नाही. ती रडू लागली.

"आजोबा, थे आग मीच लावली. मावशी बीमार थी ना. मैंने सोचा, मावशी उठेल तर सफाई तयार पाहिजे. आमच्या मायके में असेच करतात. मला नियम मालूम नहीं था."

भैयालालच्या हातातली टोपली खाली आली. "अवं पोरी! अन् इतके दिवस बोलली काहून नाहीस?"

"मामाजी, तुम्हीच तर फिर्याद केली. मैं किस मुँह से बोलती?"

अंजनाबाई रस्त्यावरून धावत आल्या. प्रियंका नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून त्यांनी तिला मुलीप्रमाणे वागवले होते. पंचाचा हुकूम त्या क्षणी त्या विसरल्या आणि झाडाखाली येऊन त्यांनी तिला जवळ घेतले. "येडी वं माही लेक! माझ्यासाठी केलं नं? मंग रडते कायले?"

भैयालाल खाली पाहून म्हणाला, "भाऊ, मी फिर्याद मागं घेतो."

सर्वांना वाटले, प्रकरण मिटले. महागूभाऊंनी प्रियंकाच्या हातातला लोटा घेतला आणि पाणी प्यायले. "पोरी, तू खरं बोलली, हे चांगलं झालं. पन भैयालाल, फिर्याद मागं घेता येते. राख मागं घेता येत नाही. अंजनाबाई, झाडाखालून बाहेर व्हा. निवाडा व्हायचा हाय."

अंजनाबाई प्रियंकापासून दूर झाल्या. मग बाहेर गेल्या.

त्या दुपारी ओट्यावर फुले पालथी करताना मी त्यांना समजावले. आम्ही टोळीतले, म्हणून मी त्यांना एकेरी बोलतो. "महागू, नियम तूच केला. आता खरं काय थे साऱ्या गावाले मालूम हाय. दोन शब्द इकडचे तिकडं केले त कोन विचारन?"

"भैयालाल विचारन. अन् त्यानं नाही विचारलं त मी विचारीन. त्याले भिंत दाखवली, अन् हिले दाखवली नाही, त थे भिंत कायची? घनश्याम, थो झेंडा साहेबासाठी खाली केला नाही. आता माझ्या मनासाठी खाली करू?"

"मंग अंजनाचं?"

त्यांनी ओंजळभर फुले उचलून पसरली. "थे सभेत उठली होती, आठवते? तिचा सवाल बरोबर होता. तुमी सारे हासले. पन सगळ्यात पह्यले मी हासलो."

निवाड्याच्या दिवशी चिंचेखाली सारा गाव जमला. महागूभाऊ स्लीपरवर बसले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता.

"झाडाखाली राख होती. राख कोनी केली, थे कळलं. तिच्या मनात वाईट नव्हतं. अंजनाबाईचा त काहीच कसूर नाही. पन नियम मानूस विचारत नाही अन् मनही विचारत नाही. भैयालालचं झाड गेलं तसंच अंजनाबाईचं झाड या हंगामात सभेचं झालं."

 अंजनाबाई उठल्या, काठी घेतली आणि घराकडे चालू लागल्या. प्रियंका त्यांच्यामागे गेली, पण त्यांनी हाताने तिला परत पाठवले.

"अजून एक," महागूभाऊ म्हणाले आणि स्लीपरवरून उठले. "हा माझा शेवटचा निवाडा. ज्यानं नियम केला त्यानंच निवाडा करू नये. त्याले आपला नियम चुकला हे दिसत नाही, अन् दिसलं त बोलाची लाज वाटते. सभेची दवंडी द्या. मी या जागेवरून नियम बदलू शकत नाही. सभेत बसून बोलू शकतो."

सभेपर्यंत आठवडा होता आणि झाड अजून गळत होते. झाड आता सभेचे होते, परंतु सभा बसलेली नव्हती, म्हणून महागूभाऊ वेचतच राहिले. त्या दिवसांत पहाटे रस्त्यावर कोणी उभे नसे. टोपल्यात पाने आली तरी कोणी सांगणारे नव्हते. मी त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा ते दोनदा रस्त्याकडे पाहून पुन्हा खाली वाकले.

सभा समाजमंदिराच्या पत्र्यांखाली भरली. महागूभाऊ पुढे बसले नाहीत. ते मागे, भिंतीला टेकून बसले. अंजनाबाई आल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. महागूभाऊंची पाळी आली तेव्हा ते उठले.

"मी सरपंच होतो तवा सभेत अंजनाबाईनं एक सवाल केला होता. राख दिसन, पन लावली कोनी, हे कोन सांगन? मी त्यावर हासलो. त्या सवालाचं उत्तर आज देतो. आपल्याआप कोनीच सांगत नाही. म्हनून विचारावं लागते. मी पंचाले झोप लागावी असा नियम केला. पंचाले झोप लागू नये, असा नियम पाह्यजे. राख दिसली का चौकशी व्हावी. काडी ज्यानं लावली, त्यानं भोगावं. अन् ज्या घरी बिमारी हाय, त्या घराचा मोह शेजाऱ्यानं पंचाले सांगून झाडून द्यावा."

शेवटच्या वाक्यावर कुजबुज झाली. दुसऱ्याच्या मोहाखाली खराटा, ही गोष्ट आमच्या गावात कोणी बोललेली नव्हती. एका म्हाताऱ्याने विचारले, "अन् झाडनाऱ्यानं झाडावर हक्क सांगितला मंग?"

"मंग सभेसमोर उभा राह्यन अन् बिमार मानसाच्या डोळ्यात पाहून हक्क सांगन. पाह्यू, कोनाची हिंमत होते."

हात वर झाले. नियम बदलला. भैयालालने विचारले, "मंग अंजनाबाईचं झाड वापस?"

"नाही," महागूभाऊ म्हणाले. "नियम आजचा हाय, निवाडा मागचा हाय. नवा नियम मागं चालत नाही."

या वेळी कुजबुज मोठी होती. एक बाई म्हणाली, "हे म्हातारं काही ऐकत नाही बाप्पा." महागूभाऊंनी आवाज चढवला नाही.

"पन झाड सभेचं हाय. ओट्यावर वाळते थे फुलं सभेची हायेत. अन् सभा इथं बसली हाय. आता मले नका विचारू. मी कोनी नाही."

एवढे बोलून ते खाली बसले. सभेला समजायला थोडा वेळ लागला. सर्वात आधी भैयालालला समजले. तो उभा राहिला. "सभेनं फुलं अंजनाबाईले द्यावी. अन् हंगामातली राह्यलेली बी तिनंच वेचावी. मी सांगतो."

"अन् तुमची फुलं गेली होती थे?" मागून कोणीतरी डिवचले.

भैयालालने वर पत्र्यांकडे पाहिले. "माझी फुलं डोक्यावर हायेत. त्याखाली बसून तू मले सवाल करून राह्यला. ऊन लागते का?"

हसण्याच्या आवाजातच हात वर झाले. या वेळी भैयालालची सूनही हात वर करून उभी होती. तिचे दोन्ही हात वर होते, म्हणून शेजारणीने एक खाली ओढला.

अंजनाबाई उठल्या.  त्या सरळ ओट्यावर गेल्या आणि वाळलेल्या फुलांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मूठ बाहेर काढून त्यांनी उजेडात धरली. मग त्या वळल्या.

"जजसाहेब, इकडं या."

महागूभाऊ भिंतीला धरून उठले आणि ओट्यावर गेले. सारी सभा त्यांच्या मागे सरकली.

"हे फुलं होय का कचरा? अर्धी पानं, काटक्या. हे खालचं त ओलंच हाय. हे घेऊन मी बजारात गेली त व्यापारी मले हाकलन."

"मी वेचली तशी हायेत."

"थे त दिसूनच राह्यलं. बसा खाली. निवडू लागा."

"अंजनाबाई, मी आता पंच नाही."

"म्हनून त सांगून राह्यली. पंच असते त मी कसं सांगितलं असतं? हुकूम तुमचा चालला इतके दिवस. आता माझा चालन."

प्रियंका सूप घेऊन आली आणि अंजनाबाईंच्या शेजारी बसली. महागूभाऊंनी एक हात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू खाली बसले. त्यांनी ढिगातून पहिले पान उचलले, थोडा वेळ पाहिले आणि बाजूला ठेवले.

"असं एकेक पान पाह्यलं त पावसाळा येईन जी," अंजनाबाई म्हणाल्या आणि मूठभर फुले त्यांच्यापुढे सारली.